तुटीची वाटणी

रात्री दोन वाजता पाटाच्या पाळीवरून बांधावर भांडणारे दोन शेतकरी आणि हार्वर्डमध्ये बसून न्यायावर जवळजवळ सहाशे पानं लिहिणारा प्राध्यापक, यांची गाठ पडायचं तसं काही कारण नव्हतं. पडली असती तर तिघांचाही फायदा झाला असता, असं मला अनेकदा वाटतं. आपण ज्याला विचारप्रयोग म्हणतो तो इथं दर आवर्तनाला चिखलात पाय रोवून चालतो, हे प्राध्यापकाला कळलं असतं. आणि आपलं भांडण आजच्या दारं धरण्यापुरतं नाही, ते प्लेटोच्या आधीपासून चालत आलं आहे, हे शेतकऱ्यांना कळलं असतं. भांडण मात्र मिटलं नसतं. ते मिटावं अशी माझीही अपेक्षा नाही. ते नीट भांडलं जावं, एवढीच आहे.

योगायोगांवर माझा विश्वास नाही, पण त्यांचा मोह सुटत नाही. जॉन रॉल्स यांचं ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ १९७१ साली प्रसिद्ध झालं. त्या वेळी महाराष्ट्रातला पाऊस रुसायला लागला होता, आणि पुढच्या वर्षी तो दुष्काळ पडला, ज्याच्या हिशेबानं जुनी माणसं अजून आपलं वय सांगतात. लाल मिलो, सुकडी, खडी फोडून सोलवटलेले हात. मे १९७३ मध्ये सरकारी दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं राबत होती. १९७४ साली हार्वर्डच्याच तत्त्वज्ञान विभागातल्या रॉबर्ट नोझिक यांनी ‘अनार्की, स्टेट अँड युटोपिया’ लिहून रॉल्स यांना उत्तर दिलं. आणि त्याच सुमाराला पुण्याचे एक इंजिनिअर-उद्योजक, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यातल्या नायगावात देवस्थानचं सुमारे ४० एकर माळरान भाडेपट्ट्यानं घेऊन तिथं पावसाचं पाणी अडवत होते. एकानं न्यायाचा सिद्धांत मांडला, दुसऱ्यानं तो खोडायला घेतला. तिसरा त्या वादात पडलाच नाही, पण त्यानं पाणीवाटपाचे असे नियम केले की उरलेल्या दोघांनीही ते मांडीवर घेऊन वाचावेत. तिघेही २००२ साली गेले.

न्यायाची गरज कधी पडते, याचं एक उत्तर डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं १७५१ साली देऊन ठेवलं आहे. सगळ्यांना सगळं पोटभर मिळत असेल तर माझं-तुझं करायची वेळच येत नाही. हवेच्या मालकीवरून कोणी कोर्टात जात नाही. उलट, जहाज बुडत असताना हाताला लागेल ती फळी धरून तरंगायचं असेल, तर तिथंही ‘ही फळी कोणाची’ असं कोणी विचारत नाही. न्याय जन्मतो तो या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात. सगळ्यांना मनासारखं पुरणार नाही, पण वाटून घेतलं तर सगळे तगतील, अशा जागी. ह्यूम सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या उतारावर कधी आला नाही. महाबळेश्वरात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या माण-खटावात पाचशेचा आकडा गाठताना त्याची दमछाक होते. ह्यूमचा मधला पट्टा नकाशावर दाखवायचा झाला तर मी बोट इथं ठेवीन.

पुस्तकं न्यायाबद्दल बोलतात तेव्हा ती बहुधा लाभाच्या वाटणीबद्दल बोलतात. संपत्ती, संधी, हक्क, प्रतिष्ठा यांचे वाटे कसे पाडायचे, हा त्यांचा विषय. पण ज्याचं पोट पाटावर आहे त्याला विचारून पाहा. धरण काठोकाठ भरतं त्या वर्षी कोणी कोणाशी वाईट वागत नाही. ‘तात्या, आधी तुमचं भिजवून घ्या, मग मी बघतो,’ असले संवाद त्याच वर्षी ऐकू येतात. धरण चाळीस टक्क्यांवर अडकलं की तेच तात्या आणि तोच शेजारी चारीच्या तोंडाशी कुदळ घेऊन उभे असतात. उरलेल्या साठ टक्क्यांची तूट कुठंतरी टाकायची असते. ती कोणाच्या शेतावर टाकायची आणि कोणत्या नियमानं, हे ठरवणं म्हणजे न्याय, अशी माझी समजूत होत गेली आहे. लाभ वाटताना माणसं उदार असतात, तूट वाटताना ती खरी असतात.

रॉल्स यांना तुटीचा अनुभव फार लवकर आला होता. ते लहान असताना त्यांचे दोन धाकटे भाऊ लागोपाठच्या दोन वर्षांत वारले. एक घटसर्पानं, दुसरा न्यूमोनियानं, आणि दोघांनाही संसर्ग झाला होता तो जॉनकडूनच. आजार तेच, घर एकच, औषधपाणी एकच. एक मुलगा उठून बसला आणि दोन गेले. पुढं त्यांच्या विचारात नशिबाला जी मोठी जागा मिळाली तिचं मूळ इथंच आहे, असं ठामपणे सांगता येणार नाही. पण कोणत्या घरात, कोणत्या रंगाचे, कोणती बुद्धी घेऊन आपण जन्मतो यात आपली कमाई काहीच नसते, ही गोष्ट त्यांनी कधी नजरेआड होऊ दिली नाही. म्हणून त्यांनी ती प्रसिद्ध अट घातली. समाजाचे नियम ठरवायला बसा, पण अज्ञानाचा एक पडदा ओढून बसा. त्या पडद्यामागं आपण श्रीमंत की गरीब, हुशार की मठ्ठ, धडधाकट की आजारी, हे कोणालाच ठाऊक नसेल. अशा बैठकीत माणसं सगळ्यात खालच्या माणसाची काळजी घेणारे नियम निवडतील, कारण तो खालचा माणूस आपणच निघण्याची भीती प्रत्येकाला असेल. विषमता चालेल, पण तिचा सर्वाधिक फायदा तळाच्या माणसाला होत असेल तरच.

आक्षेप उघड आहे, आणि तो बांधावरचा शेतकरी पहिल्या फटक्यात घेईल. ‘साहेब, असा पडदा आणायचा कुठून? माझं शेत चारीच्या तोंडाला आहे हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे.’ तोंडाशी असलेल्याला नियम कडक नको असतात आणि शेपटाकडच्याला ते कितीही कडक चालतात. दोघांनाही आपली जागा ठाऊक असते, म्हणून तर बैठक कधी संपत नाही.

तरीही असा पडदा एका ठिकाणी जमिनीतच पुरून ठेवलेला सापडतो. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकं फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या शिवाराचे तीन-चार मोठे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. उसाचा फड, गव्हाचा फड, आणि दरसाल त्यांची पालट. गंमत पुढं आहे. प्रत्येक शेतकऱ्याचा एकेक तुकडा जवळपास प्रत्येक फडात असायचा. पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवायचा, बस. त्या फडात सगळ्यांचीच जमीन, त्यामुळं सगळ्यांचंच थोडं थोडं नुकसान. कोणता फड कोरडा ठेवायचा यावर मग भांडायचं कशाला? पाणी फिरवायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मेहनताना सगळ्यांकडून धान्यात. स्वार्थ सोडा असं या पद्धतीनं कोणाला सांगितलं नाही. स्वार्थी माणसानंही न्यायाचंच मत द्यावं, अशी तिनं शेतांची मांडणी केली. रॉल्स यांनी जे कल्पनेत केलं ते इथं मोजणीच्या साखळीनं केलेलं आहे.

पण जुन्या गोष्टींचं कौतुक करताना हात थोडा आखडता घ्यावा. फडात ज्याची जमीन, त्यालाच पाणी. ज्याची जास्त, त्याला जास्त. गावातला भूमिहीन माणूस त्या पाटावर पाटकरी म्हणून किंवा जागल्या म्हणून येऊ शकत होता, हक्कदार म्हणून नाही. समान तूट वाटली गेली ती आत असलेल्यांमध्ये. बाहेर कोण राहिलं, हा प्रश्न फड पद्धतीनं स्वतःला विचारलाच नाही. न्यायाच्या बहुतेक जुन्या घरांचं असंच आहे. आतली व्यवस्था बघत राहावी अशी, आणि उंबऱ्याबाहेर कोणीतरी उभं.

आता नोझिक यांच्याकडं वळतो, कारण बोअरवेलचा विषय त्यांच्याशिवाय बोलता येत नाही. त्यांचं म्हणणं असं: कोणाकडं किती आहे हे बघून न्याय ठरवू नका, त्याला ते कसं मिळालं ते बघा. मालमत्ता सुरुवातीला रीतसर मिळवली असेल आणि पुढं राजीखुशीनं हातोहात गेली असेल, तर आजची वाटणी कितीही विषम दिसो, ती न्याय्यच. आपल्याकडचा जुना कायदा हेच म्हणायचा. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या काळापासून रूढ समज असा, की जमीन ज्याची, तिच्या पोटातलं पाणीही त्याचं. मग एखाद्यानं स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या वावरात, चारशे फुटांचं बोअर मारलं तर त्यात गैर काय? गैर काहीच नाही. फक्त शेजारच्या म्हातारबांची पन्नास फुटांची विहीर पुढच्या उन्हाळ्यात तळ दाखवते. चोरी झालेली नाही, जबरदस्ती झालेली नाही, कागदावर एक स्वल्पविरामही इकडचा तिकडं झालेला नाही. पाणी मात्र गेलं.

नोझिक यांना ही अडचण दिसली होती, आणि त्यासाठी ते मागं जॉन लॉकपर्यंत गेले. लॉकनं सतराव्या शतकात लिहिलं होतं की दुसऱ्यांसाठी तितकंच आणि तितकंच चांगलं उरत असेल, तर निसर्गातलं काहीतरी आपलंसं करायला हरकत नाही. त्याचं उदाहरण पाण्याचंच. अख्खी नदी समोर वाहत असताना कोणी पोटभर पाणी प्यायला, तर दुसऱ्याचं काय बिघडतं? इंग्लंडातल्या माणसाला हे उदाहरण सहज सुचतं. नोझिक जास्त सावध होते. वाळवंटातला एकुलता एक पाणवठा एखाद्यानं आपल्या नावावर करून मनाला येईल तो दर लावायचा, हे चालणार नाही, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. इतकंच काय, बाकीचे पाणवठे आपोआप आटले आणि एकाचाच उरला, तरी त्या उरलेल्यालाही मनमानी दर लावता येणार नाही. मालमत्तेच्या हक्काचा एवढा कट्टर वकील, पण पाण्यापाशी येऊन तोही थबकला. त्याचा तो एक परिच्छेद मला सगळ्या पुस्तकाहून जवळचा वाटतो. उन्हाळ्यात टँकरचे दर वाढायला लागले की तो आठवतो.

हा परिच्छेद कोणी वाचलेला असो वा नसो, नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं त्यातून निघणारा नियम स्वतःला लावून घेतला. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढं ठेवायचा, पिण्याचं बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर पिकं ठरवायची. जमीन तुझी आहे हे मान्य. पण तिच्या खालचं पाणी शिवारभर एकच आहे, हेही मान्य कर, असा हा सौदा. राज्याचा भूजल कायदा २००९ सालचा. गावाचा त्याच्या कितीतरी आधी.

साळुंखे यांचा प्रश्न याहून पुढचा होता. पाणी मोजून वापरायचं हे ठीक, पण ते मोजायचं कशावर? अॅरिस्टॉटलनं म्हटलं होतं की वाटणीत न्याय म्हणजे योग्यतेच्या प्रमाणात वाटा. भांडणं होतात ती योग्यता कशात धरायची यावरून. त्याचं उदाहरण बासरीचं. बासरी कोणाला द्यावी? श्रीमंताला नाही, देखण्याला नाही; ज्याला ती वाजवता येते त्याला. पाणी मग कोणाला द्यावं? ज्याला ते उत्तम वापरता येतं त्याला, असं म्हटलं तर थेंबामागं जास्त रुपये काढणारा द्राक्षबागायतदार पुढं येतो, त्याच्या मागं कारखाना येतो आणि सगळ्यात शेवटी ज्वारीवाला. उपयुक्ततावादी बेंथॅमलाही बेरीज मोठी झाल्याशी मतलब. ज्वारीवाला त्या बेरजेत हरवतो.

नायगावच्या पाणी पंचायतीनं मापच बदललं. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. योजना एकट्यादुकट्याची नाही, गटाची. खर्चातला वीस टक्के वाटा लाभधारकांनी आधी भरायचा. उसाला बंदी. आणि पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तरी पाणी विकलं जात नाही, आणि जमीन नसलेल्यालाही पाण्याचा वाटा आहे. हे शेवटचं कलम ऐकून आजही माणसं चमकतात. जमीन नाही त्यानं पाण्याचं करायचं काय? त्यानं ते घेऊन दुसऱ्याची जमीन वाट्यानं करावी, पाण्यावर सौदा करावा. रिकाम्या हातानं मजुरी मागायला जाणं आणि हातात पाणी घेऊन बोलणीला बसणं, यात जे अंतर आहे ते कुठल्याही अनुदानानं पार होत नाही.

ऐंशीच्या दशकात सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर बळीराजा धरण उभं राहिलं तेही याच जातकुळीचं. बलवडी आणि तांदुळवाडी ही दोन गावं, मुक्ती संघर्ष चळवळ, आणि नदीतली थोडी वाळू विकून उभा केलेला पैसा. वाळू आमच्या नदीची, तर तिचा पैसा आमच्या धरणाला, हा त्यामागचा साधा हिशेब. पाणी मात्र दोन्ही गावांतल्या प्रत्येक कुटुंबाला समान, भूमिहीनांसकट. ‘समन्यायी पाणीवाटप’ हे शब्द दक्षिण महाराष्ट्रातल्या मोर्च्यांत आणि परिषदांत घासून घासून गुळगुळीत झाले आणि मगच सरकारी कागदांत शिरले.

कुटुंब म्हटलं की आणखी एक दार उघडतं. रॉल्स यांच्या पडद्यामागच्या बैठकीला बसणारे लोक कुटुंबप्रमुख असल्यासारखे कल्पिलेले होते. सुझन मोलर ओकिन यांनी १९८९ साली नेमकं तिथं बोट ठेवलं: कुटुंबाच्या आत न्याय आहे असं गृहीत कसं धरता? पाण्याइतकी या प्रश्नाची साक्ष दुसरं काही देणार नाही. कुटुंबाचा वाटा समान झाला. सातबाऱ्यावर नाव त्याचं. शेतीची वीज रात्रीची, म्हणून पाळीला तो जातो, हे त्याचे कष्ट खरेच. पण घरातल्या पाण्याची तूट कोणाच्या डोक्यावर असते, हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. विहीर आटली की हंडा घेऊन जास्त लांब जाते ती कोण, आणि पाणी कमी आलं की आंघोळ कोणाची राहते? वाटा मोजणारा उंबऱ्यापाशी थांबला, तर मोजणी अर्धीच राहते.

नदी मोठी झाली की भांडण मोठं होतं, तत्त्वं तीच राहतात. कृष्णेच्या पाण्याचा बचावत लवादानं १९७३ साली निवाडा दिला. विश्वासार्ह म्हणून धरलेल्या २०६० टीएमसीपैकी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी. तिथंही आधीपासून वापर करणाऱ्याला संरक्षण द्यायचं की गरज बघायची, म्हणजे नोझिक की साळुंखे, हाच पेच. घराजवळचं उदाहरण गोदावरीचं. पैठणच्या जायकवाडी धरणाच्या वर, नाशिक-नगरकडं, गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा अशी धरणं. पाऊस ओढ देतो त्या वर्षी दिवाळीच्या आसपास ठरलेला वाद उभा राहतो. वरचे म्हणतात, पाणी आमच्या डोंगरात पडलं, आमच्या पिकांनी काय करायचं? खालचे म्हणतात, धरण आधी आमचं ठरलं, तुम्ही वर अडवत गेलात. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातली तूट सगळ्यांनी वाटून घ्यावी असं तत्त्व आलं, आणि पुढं मेंढेगिरी समितीनं आकडा ठरवून दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठ्याच्या ६५ टक्के पाणी नसेल, तर वरून सोडायचं. आकड्यावर दोन्हीकडचे नाराज आहेत. मला त्यात दिलासा वाटतो. एकच बाजू नाराज असती तर मी जास्त घाबरलो असतो.

या धरणाच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. नाव एकनाथांचं, आणि एकनाथांची ती गोष्ट मराठी मुलांना शाळेच्या आधी माहीत होते. रामेश्वराला वाहायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. त्या पाण्यावर रामेश्वराचा हक्क आधीचा होता, संकल्प सोडलेला होता, कष्टही यात्रेकरूंचे होते. गाढवाकडं एकच गोष्ट होती, तहान. नाथांनी निकाल तहानेच्या बाजूनं दिला. ही गोष्ट आपण भूतदयेची म्हणून सांगतो, आणि तसं सांगितलं की ती निरुपद्रवी होते. ती न्यायाची म्हणून सांगितली तर नाथसागराच्या काठावरच्या सगळ्यांनाच अवघड जाईल, वरच्यांना आणि खालच्या ऊसवाल्यांनाही. दयेत देणारा मोठा होतो. न्यायात तो फक्त दुसऱ्याचं दुसऱ्याला परत करतो.

इथवर मी ह्यूमचं बोट धरून आलो: टंचाई आहे म्हणून न्यायाचा प्रश्न आहे. पण महाडचं चवदार तळं हे मान्य करत नाही. कोकणातल्या त्या तळ्यात पाणी भरपूर होतं. गावातले सवर्ण पीत, परगावचे पीत, जनावरं पीत. सीताराम केशव बोले यांच्या ठरावानं मुंबई कायदेमंडळानं १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले, महाड नगरपालिकेनंही तसा ठराव केला, आणि कागद कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. मग मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण झालं आणि खटला उभा राहिला. वादींचा दावा काय होता? तळं खाजगी आहे, आणि अस्पृश्यांना बंदी ही आमची जुनी वहिवाट आहे. म्हणजे मालकी आणि इतिहास. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९३७ मध्ये लागला, दहा वर्षांनी. तो आंबेडकरांच्या बाजूनं लागला, पण कारण वाचलं की घशात काहीतरी अडकतं: अशी बंदी अनादि काळापासून चालत आल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही, म्हणून. सिद्ध करता आलं असतं तर?

महाडला पाण्याची तूट नव्हती. ती मुद्दाम तयार केली होती, आणि कोणाच्या वाट्याला घालायची तेही जन्माआधी ठरवलेलं होतं. त्याच्या साठेक वर्षं आधी, १८६८ साली, जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तेव्हाही पुण्यात पाण्याचा दुष्काळ नव्हता. म्हणून तूट दिसली की आधी विचारायचं, ही आभाळातून आली की कोणी केली? रॉल्स यांचा पडदा, नोझिक यांचा रीतसर व्यवहार, अॅरिस्टॉटलचं प्रमाण, सगळी उत्तरं या प्रश्नानंतरची आहेत.

आंबेडकरांनी आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली निघालेल्या ग्रंथात सिद्धार्थानं घर सोडण्याचं कारणच पाणी आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा होतो, शाक्यांचा संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ विरोध करतो. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून वैराग्य आलेल्या राजपुत्राऐवजी आंबेडकरांनी पाणीवाटपाच्या बैठकीत अल्पमतात गेलेला सभासद उभा केला. त्याची सूचनाही किती रोखठोक! आपण दोन माणसं निवडू, कोलियांनी दोन निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा सोडवावा. पाण्याचा वाटा किती, हे तो सांगत नाही. वाटा ठरवायला कोण बसणार, एवढंच सांगतो. महाडचा माणूसच हे लिहू शकत होता. अमर्त्य सेन यांनी २००९ साली ‘द आयडिया ऑफ जस्टिस’मध्ये म्हटलं की परिपूर्ण न्यायाचा आराखडा हाती नसला तरी समोरचा अन्याय ओळखता येतो आणि दूर करता येतो. त्यांच्याही गोष्टीत एक बासरी आहे आणि तिच्यावर हक्क सांगणारी तीन मुलं: एकाला ती वाजवता येते, एकाकडं दुसरं खेळणंच नाही, एकानं ती बनवली आहे. तिघांचंही म्हणणं बरोबर आहे, आणि बासरी एकच आहे. हे मान्य करून बोलायला बसणं, हेच बहुतेक वेळा आपल्या हातात असतं.

नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावर पाणीवापर संस्था सुरू झाल्या त्या कालव्याच्या शेपटाकडून, ओझरच्या बाजूनं. यात नवल काही नाही. ज्याच्यापर्यंत पाणी पोचत नाही त्यालाच नियमाची खरी निकड असते, आणि नियम त्यानं केला तर तो बहुधा सगळ्यांना पुरतो. तोंडाकडच्यांनी केलेला नियम तोंडाकडच्यांपुरताच पुरतो.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी कोणी तुमच्यापुढं न्याय्य म्हणून एखादी योजना ठेवली, पाण्याची असो, जागांची असो, निधीची असो, किंवा तुमच्याच सोसायटीतल्या टाकीची असो, तर तिच्यात कोणाला किती मिळणार हे नंतर बघा. सगळ्यांना पुरलं नाही त्या वर्षी कोणाचं कापायचं, हे तिच्यात लिहिलं आहे का ते आधी बघा. आणि लिहिलं असेल, तर ज्याचं कापायचं ठरलं तो लिहिताना हजर होता का, ते विचारा. या दोन प्रश्नांची उत्तरं नसतील तर त्या योजनेला न्याय्य म्हणू नका.